काल कुणासोबत जेवलात?

भिकाआबा लोहार दारात उभे राहिले आणि आत न येताच म्हणाले, "मथुरे, माझ्यामुळं बंद पडणार का गं ती?"

मथुरा अंगणात पावट्याच्या शेंगा सोलत बसली होती. तिने सूप बाजूला सारलं. "कोण बंद पडतंय, आबा?"

"हाक. आज सकाळी तिनंच सांगितलं. म्हणाली, सतरा दिवसांनी मी बंद होईन. मी म्हटलं, का गं बाई? तर म्हणाली, या पठारावर माझ्यामुळं लोकांचं एकटेपण वाढलं असं हिशेबात निघालंय." आबांनी डोक्यावरची टोपी काढून पुन्हा घातली. "मागल्या महिन्यात तू विचारायला आलीस तेव्हा मी खरंखरं बोललो. एकटं वाटतं, झोप लागत नाही, ही गेल्यापासून घर खायला उठतं, सगळं सांगितलं. तेच चुकलं काय?"

मथुरा उठली. ती एवढंच म्हणाली, "बसा आबा, चहा टाकते."

"नको. आत्ताच घेतला," असं म्हणून आबा निघाले. घेतलेला नव्हता, हे दोघांनाही ठाऊक होतं.

जांभळवाडीच्या त्या पठारावर अकरा वाड्या होत्या आणि तरणी माणसं जवळजवळ नव्हती. एके काळी उभारलेल्या पवनचक्क्यांचं आयुष्य संपलं होतं. त्यांची पाती काढायला कुणी आलं नव्हतं. वाऱ्याला त्या नुसत्या कण्हत. घराघरात एक नाही तर दोन म्हातारी माणसं, आणि एका घरापासून दुसरं घर हाकेच्या टप्प्यात असलं तरी हाक मारायची कुणी कुणाला?

म्हणून तर त्या पेटीचं नाव 'हाक' ठेवलं होतं. ती भिंतीला टांगायची एक लहानशी पेटी होती. मनाचे उपचार करणाऱ्या डॉक्टरांची जी बोलण्याची रीत असते, ती तिला शिकवलेली. रोज दुपारी ती नावाने हाक मारी, अर्धा तास ऐके, विचारी. दुःखाला नाव द्यायला शिकवी. आणि अर्धा तास झाला की म्हणे, "आता हे मला पुरे. यातलं एक वाक्य आज कुणा माणसाला सांगून या." मग कितीही विनवा, दुसऱ्या दिवसापर्यंत गप्प. माणसाची जागा घ्यायची नाही, माणसाला माणसाकडे ढकलायचं, हाच उपचार.

तो लागू पडतो की नाही हे बघायला तीन वर्षांपूर्वी पठारावर अभ्यास सुरू झाला. सहाशे चाळीस माणसं. चिठ्ठ्या टाकून निम्म्या घरांना हाक मिळाली, निम्म्यांना अभ्यास संपेपर्यंत नाही. आणि सगळ्यांना वर्षातून एकदा वीस प्रश्न विचारायचं काम मिळालं मथुरा शेलारला. आधी ती अंगणवाडीत मदतनीस होती. नवरा जाऊन नऊ वर्षं झालेली, मुलगी सुवर्णा होसूरला कारखान्यात. अक्षरओळख तिला तिशी उलटल्यावर रात्रीच्या वर्गात झाली होती, त्यामुळे लिहायला बसली की ती घाई करत नसे. जे ऐकलं ते पुरतं लिही.

खुद्द तिच्या घराच्या चिठ्ठीवर 'नाही' आलं होतं. पेटी शेजारी आबांकडे गेली. पण मथुराला त्याचं वाईट वाटलं नाही. तिला वाड्या मिळाल्या होत्या. वर्षातले चार महिने ती कागदपत्रांची पिशवी खांद्याला लावून घरोघर फिरे. कुणी ताक देई, कुणी गुळाचा खडा. उरलेले आठ महिने ती त्या चार महिन्यांची वाट बघे.

मथुराने फोन घेतला. अभ्यासाच्या कागदांवर पुण्याचा एकच नंबर होता. पलीकडून बाईचा आवाज आला. मथुरा म्हणाली, "मी जांभळवाडीहून बोलते. तुमच्या हिशेबात चूक आहे."

चौथ्या दिवशी दुपारच्या एसटीने डॉक्टर नाझनीन अत्तार पठारावर उतरली. मिरजेची, वय तिशीच्या पुढेमागे, पाठीवर पिशवी आणि वाऱ्याने विस्कटलेले केस. जगभरच्या उपचारांचा निवाडा करणारं 'तराजू' नावाचं जे यंत्र होतं, त्याच्या निकालांवर देखरेख ठेवण्याचं तिचं काम.

"चूक आहे असं म्हणणारे आठवड्याला शंभर फोन येतात," ओट्यावर बसत ती म्हणाली. "पण सगळे म्हणतात, आमचा उपचार चांगला आहे. तुम्ही एकट्याच म्हणालात, माझी मोजणी वाईट आहे. म्हणून आले."

"आधी पाणी घ्या. मग मला सांगा, ते यंत्र ठरवतं तरी कसं?"

नाझनीनने मांडीवरच्या काचेच्या पाटीवर चित्र उघडलं. मधोमध एक उभी रेघ. तिच्या दोन्ही अंगांना लहानमोठे चौकोन, प्रत्येकाला दोन्हीकडे मिशांसारख्या आडव्या रेघा. अगदी खाली एक छोटी शंकरपाळी.

"ही रेघ म्हणजे शून्य. उपचार केला काय, न केला काय, सारखंच. हा एकेक चौकोन म्हणजे एकेक अभ्यास. केरळचा, केनियाचा, जपानचा, असे अडतीस. रेघेच्या उजवीकडे असेल तर हाकेचा फायदा झाला, डावीकडे असेल तर तोटा. कुठल्याही एका अभ्यासावर भिस्त ठेवायची नाही, कारण एका गावाला योगायोगाने काहीही निघू शकतं. सगळ्यांचं ऐकायचं आणि बेरीज करायची. ही शंकरपाळी म्हणजे ती बेरीज. ती रेघेला टेकली, की उपचार लागू पडतो असं छातीठोकपणे म्हणता येत नाही. नव्वद दिवस टेकून राहिली तर कायद्याने उपचार बंद."

"आणि आमचा चौकोन?"

नाझनीनने बोट ठेवलं. रेघेच्या डावीकडे, सगळ्यांत थोराड. "बाकीचे बहुतेक उजवीकडे आहेत. पण तुमच्या पठाराने शंकरपाळी ओढून रेघेवर आणलीय."

"एवढा मोठा का तो?"

"सगळ्यांना सारखं वजन देत नाहीत. ज्या अभ्यासात माणसं जास्त आणि उत्तरांची पांगापांग कमी, त्याचं बोलणं पक्कं धरतात. तुमच्याकडे हाक न मिळालेल्या लोकांची उत्तरं इतकी एकसारखी आहेत की आम्हाला नवल वाटलं. एकोणीस प्रश्न, एकोणीस शून्यं. एकटं वाटतं का? कधीच नाही. उदास वाटतं का? कधीच नाही."

मथुरा हसली. पण तिचे डोळे हसले नाहीत. "म्हणजे आम्ही सगळे एका सुरात खोटं बोललो, म्हणून आमचं वजन जास्त?"

"खोटं?"

"मॅडम, तुम्ही मिरजेच्या. तुमच्या आईला परक्या बाईनं दारात येऊन विचारलं, कशा आहात, तर ती काय म्हणेल?"

"बरं आहे म्हणेल."

"मीसुद्धा परकीच. गावची असले तरी पिशवी घेऊन आले की पाहुणी. पाहुणीला रडगाणं सांगून तिच्या चहात मीठ कोण घालेल? अशी रीत आहे. पहिल्या वर्षी सहाशे चाळीस माणसांनी मला बरं आहे म्हणून सांगितलं. ज्या घरात आठ दिवस चूल पेटली नव्हती त्या घरानंसुद्धा. मग हाक आली. ज्यांच्याकडे आली, त्यांना तिनं बोलायला शिकवलं. पुढल्या फेरीला ते खरं बोलले. ज्यांच्याकडे नव्हती, ते बरंच राहिले. आमचे भिकाआबा पहिल्या वर्षी शून्य होते, आता एकतीस आहेत. तुमचं यंत्र म्हणतं त्यांचं बिघडलं."

नाझनीनने त्या थोराड चौकोनावर पुन्हा बोट ठेवलं. "वजनकाटाच मधे बदलला," ती पुटपुटली. मग मान हलवून म्हणाली, "मला पटतं, मथुराताई. पण मला पटून उपयोग नाही. नावडता अभ्यास काढून टाकायची मुभा मी घेतली, तर उद्या औषध विकणारेही घेतील. मग तराजू कशाला हवा? मला पुरावा लागेल. आणि तो आधी गोळा केलेला हवा, आता घाईने जमवलेला नको."

"विसावा प्रश्न बघितलात का?"

"तो रकाना रिकामा आहे."

"रिकामा कसा असेल? मी हातानं लिहिलाय."

विसावा प्रश्न कुणीतरी शहाण्याने अगदी शेवटी घातलेला होता. काल संध्याकाळचं जेवण तुम्ही कुणासोबत केलंत? इथे शून्य ते तीन असे आकडे नव्हते, शब्दांत लिहायचं होतं. बाकीच्या अभ्यासांत विचारणारे एखादा शब्द टाकून मोकळे होत. यंत्राला त्या शब्दांचं काय करायचं कळलं नाही, म्हणून त्याने अख्खा रकाना वाचता न येणारा म्हणून बाजूला ठेवला होता. नाझनीनने तो शोधून काढला, आणि ओट्यावर बसून वाचू लागली.

"सुनेसोबत. ती उभ्याउभ्या जेवली." "एकटी." "एकटा, रेडिओ लावून." "म्हशीजवळ बसून." मग ती एकदम थांबली. "हे भिकाजी लोहारांचं. पहिलं वर्ष, कुत्र्यासोबत. दुसरं वर्ष, धाकट्या भावासोबत, न बोलता. तिसरं वर्ष..." तिला हसू आवरेना. "भावासोबत. वांग्यावरून भांडलो. आज पुन्हा जाणार आहे."

"बारा वर्षं बोलत नव्हते दोघं," मथुरा म्हणाली. "मधे एक भिंत फक्त. मन कसं आहे विचारलं की माणूस दार लावून घेतो, मॅडम. जेवणाचं विचारलं की सांगून टाकतो. जेवलात का, हे तर आपण येताजाता विचारतोच."

नाझनीनने काम कसं करायचं ते समजावून सांगितलं. सगळी उत्तरं ती आणि तिचा एक सहकारी वेगवेगळं बसून वाचणार. कोणतं उत्तर कुठल्या घरचं, त्या घरात हाक होती की नव्हती, हे दोघांनाही कळू द्यायचं नाही. सोबत की एकटं, एवढंच ठरवायचं. प्रत्यक्ष समोर माणूस असेल तरच सोबत. फोनवरचा आवाज धरायचा नाही. मग वेगवेगळी मापं एका मापात आणायची जी रीत आहे तिने तो आकडा बेरजेत घालायचा. जुनं चित्र झाकायचं नाही, दोन्ही शेजारीशेजारी ठेवायची.

"आणि एक सांगते," नाझनीन म्हणाली. "जेवणाच्या हिशेबातही हाक कुचकामी निघाली, तर ती बंदच होईल."

"निघाली तर निघाली. पण आबांनी खरं बोलल्याची शिक्षा म्हणून नको."

दुसऱ्या दिवशी सकाळी निघण्यापूर्वी नाझनीनने तिच्यासमोर एक कागद ठेवला. "नोंद करणाऱ्याची सही लागते. यात लिहिलंय, विसाव्या प्रश्नाची उत्तरं मी ऐकली तशी लिहिली, त्यातलं कुठलंही उत्तर खोटं असल्याचं मला माहीत नाही. वाचून घ्या."

मथुराने बोट ठेवून एकेक ओळ वाचली. खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं की नोंद करणाऱ्याने जाणून खोटी नोंद केली असेल तर त्याला पुढे नोंदीचं काम देता येणार नाही. तिने पेन उचललं आणि खाली ठेवलं.

अभ्यासात पठारावरचं पंचावन्नच्या पुढचं प्रत्येक माणूस होतं. म्हणजे तीही होती. क्रमांक तीनशे अकरा. स्वतःचे प्रश्न तिने स्वतःलाच विचारले होते, तीन वर्षं. एकोणीस शून्यं. आणि विसाव्यापुढे तिच्याच गोल अक्षरांत, 'मुलीसोबत'.

सुवर्णाचा फोन रोज संध्याकाळी साडेसातला येई. "आई, जेवलीस का?" "जेवले. तू?" "जेवेन आता." मिनिटभराचं बोलणं. फोन ठेवला की मथुरा चूल पेटवी, भाकरी थापी आणि भिंतीकडे तोंड करून जेवे. नऊ वर्षं.

सही केली तर कुणाला कळणार होतं? सहाशे चाळिसांतली एक. सही केली तर आबांची हाक बहुधा वाचेल आणि पुढल्या वर्षी पिशवी पुन्हा आपल्याच खांद्यावर येईल. अकरा वाड्या, ताक, गुळाचा खडा. नाही केली तर वाड्या जातील. आणि हाकही जाईल की काय, कोण जाणे.

"एक खोटं आहे," ती म्हणाली.

"कुणाचं?"

"माझं."

तिने सगळं सांगितलं. नाझनीनचा चेहरा उतरला. "ताई, हे तुम्ही बोलला नसता तर मला जन्मात कळलं नसतं."

"म्हणून तर बोलले. सगळं पठार बरं आहे म्हणालं, त्यात मीही होते. पुन्हा तेच कसं करू?"

"याचा अर्थ कळतोय ना? विचारणारीचंच उत्तर खोटं, तर बाकीच्यांवर विश्वास कसा ठेवायचा, असं तराजूची समिती विचारणार. मला ताळा घ्यावा लागेल. बाहेरचं माणूस पाठवून. आणि तुमचं काम..."

"वाचलंय मी. सावकाश वाचते, पण वाचते."

नाझनीनने तो कागद घडी घालून ठेवला आणि दुसरा काढला. त्यावर मथुराने जे सांगितलं ते जसंच्या तसं लिहिलं. मग त्या कागदावर सही झाली. एसटीत चढताना नाझनीन मागे वळून म्हणाली, "येते ताई. काळजी घ्या."

"बरं," मथुरा म्हणाली, आणि जीभ चावली.

त्या आठवड्यात कोल्हापूरहून आलेल्या दोन अनोळखी मुली पठारावर फिरल्या. चिठ्ठ्या टाकून चौसष्ट नावं काढली होती. मागल्या फेरीत ज्याने ज्याचं नाव सांगितलं, त्या दुसऱ्याला जाऊन विचारायचं. आबांच्या धाकट्या भावाला, रामूला, त्यांनी विचारलं तेव्हा तो म्हणाला, "जेवला की माझ्याकडं. माझ्या वांग्याला नावं ठेवली आणि दोनदा वाढून घेतलं. लिहा, लिहा हे." मुली मथुराच्या दारावरून चार वेळा गेल्या. नियमाप्रमाणे त्यांना तिच्याशी बोलायचं नव्हतं. तिनेही दार पुढे लोटून घेतलं. पिशवी खुंटीला टांगलेली होती. ती काढून तिने धुतली, वाळवली आणि घडी करून ट्रंकेत ठेवली.

सोळाव्या दिवशी फोन वाजला.

"चौसष्टातली एकसष्ट जुळली," नाझनीन म्हणाली. "तीन जणांना आठवेना. तुमचं उत्तर आम्ही काढून बघितलं, उलटं धरूनही बघितलं, बेरीज हलत नाही. पहिल्या वर्षी दोन्हीकडे पाचातलं एक माणूस सोबत जेवत होतं. हाक नसलेल्या घरांत अजून तेवढंच आहे. हाक असलेल्या घरांत पाचातली जवळजवळ तीन."

"आणि शंकरपाळी?"

"रेघेपासून सुटली. फार नाही, तांदळाच्या दाण्याएवढी. समितीने दोन्ही चित्रं बघितली. हाक चालू राहणार, वर्षभराने पुन्हा निवाडा." ती थांबली. "तुमच्या कामाचं मात्र मी काही करू शकले नाही. आणि अभ्यास संपेपर्यंत तुमच्या घरी पेटीही देता येणार नाही. आणखी दोन वर्षं."

"ते धरूनच चालले होते, पोरी."

संध्याकाळी भिंतीपलीकडून आबांचा आवाज आला. "मथुरे, राहिली गं ती! दुपारी मी तिला म्हटलं, आमच्या शेजारणीनं वाचवलं तुला. तर म्हणाली, हे मला काय सांगता, तिला सांगून या." मग रामूने त्यांना हाक मारली, ताट वाढलंय म्हणून, आणि ते तरातरा निघून गेले. मथुरा उंबऱ्यात बसून त्यांच्या काठीचा आवाज ऐकत राहिली. तो भावाच्या दारात जाऊन थांबला. मग पठारावर फक्त वारा राहिला.

साडेसातला फोन आला.

"आई, जेवलीस का?"

'जेवले' हा शब्द तोंडात तयार होता. नऊ वर्षं घासून गुळगुळीत झालेला. मथुराने तो गिळला.

"नाही."

"का गं? बरं नाही का? ताप आहे का? डॉक्टरकडे..."

"ताप नाही. सुवर्णा, मी कधीच जेवलेली नसते गं. तुझा फोन झाला की जेवते. एकटी. फार एकटं वाटतं."

पलीकडे यंत्रांची घरघर ऐकू येत होती. मग मुलीचा आवाज आला, थोडा रागावलेला. "मग इतकी वर्षं का नाही बोललीस?"

"तू विचारायचीस, जेवलीस का. मी म्हणायची, जेवले. चांगल्या घरातल्या बायका असंच बोलतात."

"आता कसं यायचं मी? सुट्टी दिवाळीपर्यंत नाही मला."

"ये म्हणाले का मी? नुसतं सांगितलं."

पलीकडे पुन्हा नुसती घरघर. फोन कटला असं वाटून मथुराने तो कानापासून दूर धरला. तेवढ्यात डब्याचं झाकण उघडल्याचा आवाज आला.

"ठेवू नकोस," सुवर्णा म्हणाली. "मीपण जेवले नाही. चूल पेटव तू. मी थांबते."

मथुराने फोन चुलीच्या कडेला, पिठाच्या डब्याला टेकवून उभा केला. भाकरी थापली. पावट्याची आमटी सकाळचीच होती. दोघी जेवल्या. सांगण्यासारखं काही नव्हतं. मधे एकदा सुवर्णा म्हणाली, "इथं आमटीत गूळ घालत नाहीत," आणि मथुरा म्हणाली, "मग तू घाल." बाकी नुसता चावण्याचा आवाज, इकडचा आणि तिकडचा.

पुढल्या फेरीला कोल्हापूरची एखादी मुलगी पिशवी घेऊन येईल. विसावा प्रश्न विचारेल, आणि त्यापुढे 'एकटी' असंच लिहावं लागेल. फोनवरचा आवाज धरायचा नाही, हा नियम मथुराच्या देखतच ठरला होता आणि तिला तो बरोबरही वाटत होता.

त्या दिवशी मात्र तिने एक भाकरी जास्त खाल्ली.